डेल्बर्ट टिंडलचा उजवा हात

आमच्या ऑफिसात माणसं पाच, आणि त्यांतल्या एकाकडे पिस्तूल आहे हे कोणाला म्हणजे कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे डेल्बर्टची तशी समजूत होती. बाकी पाण्याचे कॅन आणून टाकणाऱ्या माणसापर्यंत सगळ्या गावाला माहीत होतं.

अहो, न कळायला काय झालं? ऑगस्टात आमच्या हार्डिसन गावाचा पारा एकशे सहा फॅरनहाइटवर जातो, डांबर चपलेला चिकटतं, आणि हा बाबा मासेमारीचं बारा खिशांचं जाकीट अंगात घालून टेबलाशी बसलेला. मासा सापडेल असं पाणी आमच्यापासून सत्तर मैलांवर. खुर्चीत बसला की उजव्या बाजूला लोखंडावर टण्ण वाजायचं, आणि त्यानंतर लगेच डेल्बर्ट मोठ्यांदा खोकायचा. अकरा वर्षं टण्ण आणि खोकला, टण्ण आणि खोकला. नवीन माणसाला वाटायचं बिचाऱ्याला दमा आहे.

पेन खाली पडलं तर तो वाकायचा नाही. वाकलं की जाकीट वर जातं ना! पाठ ताठ ठेवून, गुडघे फाकवून, नववा महिना लागलेल्या बाईसारखा सरळ खाली बसायचा आणि टेबलाला धरून उठायचा. कोणी गळ्यात पडायला आलं तर डावा खांदा पुढे करायचा. जेवायला बाहेर गेलो तर भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. एकदा ती खुर्ची एका म्हाताऱ्याने आधीच धरली होती, तर डेल्बर्टने अख्खं जेवण उभ्याने केलं. म्हणे कंबर दुखतेय.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? पण विचारायचं कोणी नाही. हार्डिसनात तशी रीत आहे. शेतकऱ्याला तुझी जमीन किती एकर ते विचारू नये, विधवेला परत लग्न करणार का ते विचारू नये, आणि चर्चमध्ये शेजाऱ्याच्या कमरेला काय फुगलंय तेही विचारू नये. मी सांगलीहून इथे आले त्याला एकोणीस वर्षं झाली. पहिल्या दोन वर्षांत मी या तिन्ही चुका करून बसले, तेव्हापासून तोंड बंद. माझं नाव शुभांगी. इथे शूबी.

आमचं ऑफिस पीकविम्याचं. गारा पडल्या की कापूस गेला, गहू गेला, आणि गावातले सगळे पिकअप आमच्या दारात. मी अर्ज भरून घेते. डेल्बर्ट आणि कॉय हे दोघे शेतावर जाऊन नुकसान बघून येतात. पुढच्या काउंटरवर मिस आयमोजीन बसतात, वय एकाहत्तर; इथे वयस्कर बाईला मानाने मिसच म्हणतात. आणि आतल्या खोलीत मालक रॅन्डल क्रेब्स. त्याच्या बापाने ऑफिस काढलं, रॅन्डलने त्याला नवीन पाटी लावली, एवढंच त्याचं कर्तृत्व.

आता डेल्बर्टला हे पिस्तुलाचं खूळ लागलं कुठून, तेही ऐका. अकरा वर्षांपूर्वी होइट मेब्री नावाच्या शेतकऱ्याचा अर्ज नामंजूर झाला. तो आला, ओरडला, जाताना दाराला लाथ मारली, काचेला तडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच होइट नवी काच घेऊन आला, स्वतःच्या हाताने बसवली, आणि बायकोने भाजलेला पिकॅन-पाय, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ, काउंटरवर ठेवून टोपी काढून माफी मागून गेला. त्या पिकॅन-पायचे दोन तुकडे डेल्बर्टने खाल्ले. पण त्याच्या डोक्यात राहिली ती लाथ. पुढच्याच सोमवारी जाकीट आलं.

"शूबी, मी इथे आहे तोवर तू निश्चिंत राहा," असं तो अधूनमधून हळू आवाजात मला सांगायचा. मी मान हलवायची. त्याच्या आधी आठ वर्षं मी निश्चिंतच होते की!

रॅन्डलने लेखी परवानगी दिली होती, एका अटीवर. ऑफिसात असेपर्यंत वस्तू अंगावरून उतरता कामा नये. ज्या दिवशी ती दुसरीकडे कुठे सापडेल, तो डेल्बर्टचा नोकरीतला शेवटचा दिवस. तो कागद मीच टाइप केला होता. कागदावरसुद्धा 'वस्तू' असंच लिहिलं होतं. पिस्तूल हा शब्द लिहायला मालकाला लाज वाटली.

आणि त्या नोकरीला काय टांगलेलं होतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. डेल्बर्टची बायको नदीन. तिला नसांचा आजार. दर सहा आठवड्यांनी अमॅरिलोला जाऊन तिला सलाईनमधून औषध घ्यावं लागतं. ते मिळालं तर ती स्वतःच्या पायाने परसात जाते, टोमॅटो लावते, फोनवर माझ्याशी तासभर बोलते. एक खेप चुकली की चाकाची खुर्ची. तो सगळा खर्च ऑफिसच्या आरोग्य विम्यातून निघतो. नोकरी गेली की विमा गेला, विमा गेला की औषध गेलं. सरळ हिशेब.

माणूस वाईट असता तर मला बरं झालं असतं हो, मनसोक्त हसता आलं असतं. पण माझी गाडी बंद पडली की बॅटरीच्या तारा घेऊन धावत येणारा हाच. माझे वडील गेले तेव्हा आठवडाभर माझं अंगण झाडणारा हाच. वर "पानं फार पडतात गं तुझ्या झाडाची" म्हणून मलाच रागावायचा. अशा माणसाला वेडा म्हणायचं तर जीभ अर्ध्यावर थांबते.

असो. मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार. मिस आयमोजीन यांना ऑफिसात चाळीस वर्षं झाली म्हणून दुपारी बारा वाजता पार्टी होती. इथल्या पद्धतीप्रमाणे जो तो घरून एकेक पदार्थ घेऊन आलेला. मी मसालेभात. रॅन्डलने दुकानातला केक. आणि कॉयने चिली, म्हणजे मांस आणि मिरच्या रात्रभर शिजवून केलेला रस्सा. कॉय या चिलीचं दरवर्षी जत्रेच्या स्पर्धेत नाव नोंदवतो आणि दरवर्षी हरतो. बारा वाजता मिस आयमोजीन यांची नात शेल्बी तिच्या जुळ्या मुलींना घेऊन येणार होती. मार्नी आणि टेस, वय वर्षं चार. या दोघी जिथे जातात तिथलं प्रत्येक दार, कपाट, खण उघडून बघतात. नाताळात आल्या होत्या तेव्हा आमचा स्टेपलर फिशटँकमध्ये सापडला होता.

डेल्बर्टने सकाळी साडेआठलाच कॉयच्या चिलीची चव घेतली. चव म्हणजे दोन वाडगे. नऊ वाजता त्याच्या पोटात गुरगुरायला लागलं ते मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं. साडेनऊला गेला, पावणेदहाला गेला, सव्वादहाला तर पळत गेला. ऑफिसात बाथरूम एकच, बायकापुरुषांना मिळून. साडेदहाला तो बाहेर आला, चेहरा पांढराफटक, पण सुटल्यासारखा. खुर्चीत बसला.

टण्ण वाजलं नाही. खोकलाही आला नाही. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते लक्षात येईना. मग मी बाथरूममध्ये गेले.

कागदाच्या गुंडाळीची पत्र्याची पेटी असते ना, तिच्यावर ते ठेवलेलं होतं. काळं, जाडजूड, कातडी म्यानासकट. शेजारी त्याचा वाचायचा चष्मा आणि कालच्या पेपरातलं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं.

बाई गं! अकरा वर्षं माझ्या रक्षणासाठी आणलेली ती वस्तू मी पहिल्यांदा बघत होते, तीही कुठे, तर संडासात. चार फूट उंचीवर. म्हणजे चार वर्षांच्या पोरीने कमोडवर पाय ठेवला की हाताला येईल अशी. ते डोक्यात आलं आणि भीती गेली, असा संताप चढला की काय सांगू. हात पुसायच्या कागदाचा अर्धा गठ्ठा काढला, म्यानासकट ते त्यात गुंडाळलं, पोटाशी धरलं, आणि बाहेर आले.

बाथरूमपासून माझ्या टेबलापर्यंत बावीस पावलं. त्या दिवशी ती दोनशे झाली. डावा कोपर बरगडीला चिकटलेला, पाठ ताठ, नजर समोर. कॉयने हाक मारली, "शूबी, चिली खाल्लीस का?" मी मान न वळवता अख्खी वळले. त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की मी डेल्बर्टसारखी चालतेय. टेबलाशी पोचले, माझ्या डब्याची पिशवी उघडली, दही बाहेर काढलं आणि पिस्तूल आत ठेवलं. पिशवी मांडीवर घेऊन बसले. चष्मा आणि शब्दकोडं मात्र तिथेच राहू दिलं.

आता काय करायचं? उठून रॅन्डलच्या हातात द्यायचं तर डेल्बर्ट आजच घरी. काल संध्याकाळीच नदीनचा फोन येऊन गेला होता. मंगळवारी तिची अमॅरिलोची खेप. "या खेपेला औषध घेतलं की मी तुझ्याकडे तो तिखट भात शिकायला येणार बघ," म्हणत होती. आणि गुपचूप डेल्बर्टच्या हातात द्यायचं तर? लाल होईल, थँक्यू म्हणेल, आणि पुढच्या चिलीला पुन्हा तिथेच ठेवून येईल.

मग मी एक ठरवलं. शहाणपणाचं होतं की दुष्टपणाचं, मला अजून सांगता येत नाही. बारा वाजता पोरी येणार. त्यांच्या आधी डेल्बर्टने स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगितलं की माझं पिस्तूल हरवलंय, मुलींना आत सोडू नका, तर मी त्याच्या बाजूने उभी राहणार, मग रॅन्डल काहीही म्हणो. आणि नोकरी वाचवायला गप्प बसला, त्या पोरींना आत येऊ दिलं, तर पिशवी उचलून थेट मालकाच्या खोलीत. नदीनची शप्पथ घेऊन मी हे ठरवलं, आणि घड्याळाकडे बघत बसले. अकराला पाच कमी होते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी डेल्बर्टने कमरेला हात लावला.

आधी उजवी बाजू. मग डावी. मग बाराच्या बारा खिसे, एकेक करून, वरून खाली. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त असं उतरलं की मलाच उठून पाणी द्यावंसं वाटलं. तो उठला आणि बाथरूमकडे गेला, पळायचं नाही असं ठरवून पळणारा माणूस जसा जातो तसा. आत पाच मिनिटं. टाकीचं झाकण सरकवल्याचा आवाज, कचऱ्याचा डबा उलटल्याचा आवाज. बाहेर आला तेव्हा हातात नुसता चष्मा आणि शब्दकोडं.

आणि मग माझ्या डोळ्यांसमोर जी करमणूक झाली! गेली अकरा वर्षं हा माणूस म्हणत होता की कधीतरी या दारातून एक हत्यारबंद माणूस येईल. आज तो माणूस आत येऊन बसलेला होता, आणि डेल्बर्टच्या हातात काही नव्हतं. चौघांपैकी कोण, तेही त्याला माहीत नव्हतं. कॉयने खण ओढला तरी डेल्बर्ट दचकायचा. मिस आयमोजीननी केकचा सुरा काढला तर हा भिंतीला चिकटला. रॅन्डल आतून नुसता खाकरला, तर याने मान खाली घातली. मी मनात म्हटलं, बघ बाबा, असं वाटतं. आम्हाला अकरा वर्षं असंच वाटत होतं.

साडेअकराला तो काउंटरपाशी गेला. "मिस आयमोजीन, कोणाला काही सापडलं का हो? म्हणजे, पडलेलं वगैरे?"

"काय पडलं तुझं?"

"तसं काही नाही. सहज."

"सहज काही पडत नाही, डेल्बर्ट. जा, फुगे बांध."

मग तो माझ्याकडे आला. टेबलावर दोन्ही हात टेकून हळूच म्हणाला, "शूबी, तू बाथरूममध्ये गेली होतीस ना मघाशी?"

"गेले होते."

"तिथे काही... काही राहिलेलं दिसलं?"

"चष्मा होता तुझा."

"चष्मा मिळाला. आणखी काही?"

"आणखी काय असणार? छत्री?"

"छत्री नाही गं."

"कवळी?"

"शूबी!"

"मग नाव सांग की. नाव सांगितल्याशिवाय मी काय शोधू?"

त्याचे ओठ हलले. पिस्तूल माझ्या मांडीवर होतं, त्याच्यापासून दीड हातावर, दह्याच्या जागी. तो शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला, आणि मालकाच्या खोलीचं दार किरकिरलं तसा परत गेला. "काही नाही," म्हणाला, आणि वळला. मी पिशवीची चेन काही उघडली नाही. वीस मिनिटं बाकी होती.

त्या वीस मिनिटांत त्याने सगळं ऑफिस पालथं घातलं. फाइलींची कपाटं, कॉफीच्या मशीनमागे, फुग्यांच्या पिशवीत. पहिल्यांदाच तो वाकून, पार आडवा होऊन टेबलांखाली बघत होता. जाकीट वर गेलं, बनियन दिसली, त्याला शुद्ध नव्हती. मध्येच एकदा थांबून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. पुढच्या मंगळवारवर त्याने स्वतःच निळ्या पेनाने लहानसं 'न' लिहून ठेवलेलं होतं. बघून झालं आणि डोळे पुसले. मी मान फिरवली. खोटं कशाला सांगू, तेव्हा मी स्वतःला चांगली शिवी दिली.

बाराला तीन मिनिटं असताना शेल्बीची गाडी येऊन थांबली. मागचं दार सरकलं, पिवळ्या फ्रॉकमधल्या दोघी उड्या मारत उतरल्या, आणि धावत सुटल्या थेट काचेच्या दाराकडे. मी पिशवी हातात घेतली आणि उभी राहिले.

डेल्बर्ट माझ्या आधी पोचला. दारावर पाठ टेकून, हात पसरून उभा राहिला. कडी लावली. बाहेर दोन्ही पोरी काचेला नाकं लावून बघत होत्या.

"डेल्बर्ट, अरे काय चाललंय तुझं?" मिस आयमोजीन ओरडल्या. "माझी पतवंडं आहेत ती!"

"त्यांना आत नका घेऊ." आवाज फाटलेला होता. "माझं पिस्तूल हरवलंय. मी ते बाथरूममध्ये विसरलो. आता तिथे नाही. कुठे आहे माहीत नाही. ऑफिसात कुठेही असेल, भरलेलं आहे. रॅन्डल, मला माहीत आहे कागदावर काय लिहिलंय. मी माझं सामान भरतो. पण आधी ते शोधा, आणि तोवर या मुलींना आत घेऊ नका."

आणि मग काय झालं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

कॉयने खाली वाकून डावा घोटा चाचपला. मिस आयमोजीन यांनी पर्स उघडली, आत हात घातला, आणि हुश्श केलं. रॅन्डल खोलीत धावला, खण ओढल्याचा आवाज आला, आणि तो परत आला तो सुटकेचा निःश्वास टाकत. तिघांनी आपापलं जागेवर आहे याची खात्री करून घेतली. मग तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ना, तसं!

"मिस आयमोजीन... तुम्ही?" डेल्बर्टच्या तोंडून एवढंच निघालं.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "तू जाकीट घालून आलास त्याच आठवड्यात घेतलं. म्हटलं, या येड्याचं कधी डोकं फिरलं तर कोणीतरी नको का आवरायला?"

"मी पण त्याच्यासाठीच," कॉय पुटपुटला.

रॅन्डलचा खण उघडाच राहिला होता, आणि नाताळात याच दोन पोरींनी त्याच खणातून स्टेपलर काढला होता. ते त्यालाही आठवलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

मी पुढे गेले, पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "हे घे. साडेदहापासून माझ्याकडे आहे."

डेल्बर्टने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. द्यायचा हक्क होता त्याला. पण त्याने पिशवीकडे बघितलं, दाराबाहेरच्या पोरींकडे बघितलं, आणि खाली जमिनीवर फतकल मारून हमसून रडायला लागला.

"आता मला त्या कागदाप्रमाणे..." रॅन्डलने सुरुवात केली.

"रॅन्डल," मिस आयमोजीन म्हणाल्या, "तुझे लंगोट मी बदललेत. पुढचा शब्द जपून बोल. याने निदान तोंड तरी उघडलं. तुझा खण नाताळात उघडा होता, तेव्हा तू काय बोललास?"

"आणि तो कागद मी टाइप केलाय," मी म्हटलं. "पिस्तूल हा शब्द त्यात कुठेच नाही. वस्तू म्हणजे चष्मासुद्धा असेल."

रॅन्डलने केकचा खोका उगाच सरळ केला. मग म्हणाला, "सोमवारी बघू." त्याच्या बापाचीही हीच सवय होती. सोमवारी बघू म्हणजे विषय संपला.

ऑफिसची पोलादी तिजोरी उघडली. विम्याच्या जुन्या फाइलींवर चार पिस्तुलं ओळीने मांडली. मिस आयमोजीन यांचं सगळ्यांत मोठं निघालं. तिजोरी बंद झाली, दाराची कडी निघाली, आणि पिवळे फ्रॉक आत घुसले ते सरळ फिशटँककडे.

जेवणाआधी इथे सगळे हातात हात धरून गोल उभे राहतात आणि प्रार्थना म्हणतात. डेल्बर्ट उजवा हात कधी द्यायचा नाही. तो मोकळाच लागायचा त्याला, प्रार्थना चालू असतानाही. त्यामुळे अकरा वर्षं आमचं कडं तिथे तुटलेलं. उजवीकडे उभी असलेली मी त्याची बाही धरायची. त्या दिवशी त्याने हात पुढे केला. थंडगार होता, घामाने ओला, आणि उकडलेल्या बटाट्याएवढा मऊ. मला उगाचच वाटायचं की तो दगडासारखा असेल.

दोन तास कोणाच्याही अंगावर हत्यार नव्हतं. डेल्बर्ट गालिच्यावर आडवा पडून पोरींना पाठीवर घेत होता. मिस आयमोजीन यांना त्याने दोन्ही हातांनी मिठी मारली, तर त्या म्हणाल्या, "अरे, तुला छाती आहे होय!" बाहेरून एक चिडलेला शेतकरी आला, त्याला मसालेभात वाढला, तो पाणी पाणी करत चिडणंच विसरला. माझ्या एकोणीस वर्षांतले ते सगळ्यांत चांगले दोन तास.

दोन वाजता पोरी गेल्या. गाडी कोपऱ्यावर वळली नाही तोच चौघं तिजोरीसमोर रांगेत उभे. रांगेत शेवटी डेल्बर्ट, मान खाली, पण उभा. मला वाटत होतं निदान तो तरी... जाऊ दे. माणसाची खोड आणि कुत्र्याचं शेपूट.

मंगळवारी नदीनला औषध मिळालं. पुढच्या शनिवारी ती स्वतःच्या पायाने येऊन माझ्याकडून भात शिकून गेली.

आणि सोमवारी रॅन्डलने खरंच बघितलं. त्याने खणातली वस्तू स्वतःच्या कमरेला लावली, सुतार बोलावला आणि बाथरूममध्ये, साडेसहा फुटांवर, एक सागवानी फळी ठोकून घेतली. वर पितळी पाटी: 'आपली वस्तू घेतल्याची खात्री करा.' झाला न्याय.

आज सकाळी साडेनऊला मी त्या बाथरूममध्ये गेले. फळीवर एक होतं. डेल्बर्टचं नव्हतं. कॉयचंही नव्हतं, आणि मिस आयमोजीन यांचं तर त्या फळीवर मावणारच नाही. मी कागदाचा गठ्ठा काढला, टाचा उंचावून ते उतरवलं, गुंडाळलं, पोटाशी धरलं आणि बावीस पावलं चालत टेबलाशी येऊन बसले. दही बाहेर, ते आत.

आता साडेअकरा झालेत. रॅन्डल तीनदा बाथरूममध्ये जाऊन आला. चौथ्यांदा कचऱ्याचा डबा उलटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्याने कॉयला हवामान विचारलं, मिस आयमोजीन यांना काही सापडलं का म्हणून सहज विचारलं, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तोंड काही उघडलं नाही. शुक्रवार आहे. पोरी पणजीबरोबर जेवायला बाराला येणार आहेत.

डेल्बर्टने मघापासून माझ्याकडे दोनदा बघितलं. आत्ता खुर्ची सरकवत सरकवत माझ्या टेबलाशी आला. टण्ण वाजलं, खोकला झाला. मग कागद बघायचं सोंग करत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "शूबी, डावा कोपर एवढा दाबून धरू नकोस. लगेच कळतं."